संघ इंग्लंडचा, पोरं कुठल्या शाळेची?

१४ जुलै २०१९ चा विश्वचषकाचा अंतिम सामना बहुतेकांनी श्वास रोखून पाहिला असेल. सामना टाय, सुपर ओव्हर टाय, आणि शेवटी चौकार-षटकारांच्या मोजदादीवर इंग्लंड विजेता. त्या सामन्याचं स्कोअरकार्ड पुन्हा एकदा काढा. या वेळी धावा बघू नका, इंग्लंडच्या प्रत्येक नावासमोर त्याची शाळा लिहा.

जेसन रॉय: व्हिटगिफ्ट, क्रॉयडन. जॉनी बेअरस्टो: सेंट पीटर्स, यॉर्क. जो रूट: वर्क्सॉप कॉलेज. जॉस बटलर: किंग्ज कॉलेज, टॉन्टन. नावात कॉलेज असलं तरी या शाळाच आहेत, आणि चारही भरभक्कम फी घेणाऱ्या खासगी शाळा. इऑन मॉर्गन मूळचा डब्लिनचा, त्याला बाजूला ठेवू. पहिल्या सहांत उरला बेन स्टोक्स, कॉकरमथ नावाच्या छोट्या गावातल्या सरकारी शाळेत शिकलेला.

आता खालचे पाच. वोक्स, प्लंकेट, रशीद आणि वुड चौघेही सरकारी शाळांतले, आणि आर्चर बार्बाडोसमध्ये वाढलेला. त्या दिवशी न्यूझीलंडच्या आठ विकेट पडल्या: वोक्स ३, प्लंकेट ३, वुड १, आर्चर १. फीवाल्या शाळांनी फलंदाज पाठवले होते, घाम गाळायला आले ते दुसरीकडून.

एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये कोण कुठल्या शाळेत गेला हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी पेटतो, त्यावर आयोग बसतो, जाहीर माफी मागितली जाते, आणि आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांना कळतच नाही की शाळेवरून एवढं रामायण कशाला.

आधी ‘पब्लिक’चा घोळ मिटवू

कॉलेजात जाईपर्यंत मी समजत होतो की इंग्लंडमधली ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा, आपल्या नगरपालिकेच्या शाळेसारखी. प्रकार नेमका उलटा आहे. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे एटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी यांसारख्या जुन्या, मानाच्या, महागड्या खासगी शाळा. नाव पडलं तेव्हाचा हिशेब असा होता: घरी मास्तर ठेवून शिकवणं हे खासगी, आणि कुठल्याही गावच्या माणसाने पैसे भरून मुलाला घालावं अशी शाळा ती पब्लिक. ‘पैसे भरून’ ही अट तेव्हाही होतीच. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जागोजागी ‘पब्लिक स्कूल’च्या पाट्या दिसतात, त्याही याच अर्थाच्या.

यापुढे मी दोनच शब्द वापरतो. फी घेणारी ती खासगी शाळा, सरकारी पैशावर चालणारी ती सरकारी शाळा. इंग्लंडमधली साधारण ७ टक्के मुलं खासगी शाळेत जातात. एटनची वर्षाची फी आता व्हॅट धरून ६० हजार पौंडांच्या वर आहे, म्हणजे आपले ७० लाख रुपयांहून जास्त. सगळ्या खासगी शाळा इतक्या महाग नसतात, पण साधा नोकरदार सहज भरू शकेल अशी फी जवळपास कुठेच नाही. जानेवारी २०२५ पासून तर या फीवर २० टक्के व्हॅटही लागला आहे.

आकडे काय म्हणतात

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने भेदभावाची चौकशी करायला एक स्वतंत्र आयोग नेमला होता. सिंडी बट्स अध्यक्ष होत्या, चार हजारांहून जास्त लोकांनी आपले अनुभव कळवले. अहवाल आला २७ जून २०२३ ला, लॉर्ड्सवरची अ‍ॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका) कसोटी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. वर्णभेद आणि बायकांना दुय्यम वागणूक यांच्या जोडीने अहवालाने तिसरी गोष्ट ठळकपणे मांडली: वर्गभेद. २०२१ मध्ये इंग्लंडकडून खेळलेल्या पुरुषांपैकी ५८ टक्के खासगी शाळांत शिकलेले होते.

लोकसंख्येत ७ आणि संघात ५८.

त्याआधी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या वरच्या जागांवर कोण बसलंय याची एक मोठी पाहणी झाली होती. न्यायाधीश, मंत्री, संपादक आणि खेळाडू, सगळ्यांच्या शाळा मोजल्या. त्यात इंग्लंडचे ४३ टक्के पुरुष आणि ३५ टक्के महिला क्रिकेटपटू खासगी शाळांतले निघाले. फुटबॉलपटूंत हेच प्रमाण ५ टक्के. ४३ आणि ५८ वेगवेगळे दिसतात, कारण मोजायची पद्धत आणि वर्षं वेगळी. दिशा मात्र एकच आहे.

नावाआधी आद्याक्षरं, की नावानंतर?

हे आजचं नाही, आणि एके काळी ते लपूनछपूनही नव्हतं. ते छापलं जायचं.

इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत क्रिकेटपटूंच्या दोन अधिकृत जाती होत्या. जंटलमन म्हणजे हौशी. चांगल्या घरचा, मोठ्या शाळेचा, पैशासाठी न खेळणारा. प्लेयर म्हणजे व्यावसायिक, क्रिकेटच्या मजुरीवर पोट भरणारा. दोघे एकाच संघात खेळायचे, पण बऱ्याच मैदानांवर कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायचा दरवाजा वेगळा, दौऱ्यावर हॉटेल वेगळं. १८०६ पासून हौशी विरुद्ध व्यावसायिक असा खास सामनाच व्हायचा.

स्कोअरकार्डवरही फरक दिसायचा. हौशाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर किंवा नाहीतच. १९५० ची एक गोष्ट तिकडे अजून चवीने सांगतात. फ्रेड टिटमस हा कोवळा व्यावसायिक लॉर्ड्सवर खेळायला आला आणि छापणाऱ्याच्या चुकीने त्याचं नाव हौशासारखं पडलं. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की ‘एफ. जे. टिटमस’ असं छापलंय ते कृपया ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. आद्याक्षरांच्या जागेवरून माणसाची पायरी ठरायची, आणि ती चुकली तर भर मैदानात दुरुस्त व्हायची.

यात थोडा ढोंगीपणाही होता. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे सर्वांत गाजलेले क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस कागदोपत्री हौशी, पण क्रिकेटमधून त्यांनी जो पैसा केला तो भल्याभल्या व्यावसायिकांच्या स्वप्नातही नव्हता.

कर्णधार हौशीच हवा, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडत नव्हतं. लॉर्ड हॉक नावाच्या बड्या प्रशासकाने १९२५ मध्ये जाहीर सभेत देवाकडे साकडं घातलं होतं की इंग्लंडचं कर्णधारपद कधी व्यावसायिकाकडे जाऊ नये. वॉली हॅमंड हा त्या काळचा सर्वांत मोठा फलंदाज, व्यावसायिक. त्याला कर्णधार व्हायचं होतं, तर आधी कागदावर हौशी व्हावं लागलं. १९३८ मध्ये तो ‘जंटलमन’ झाला आणि त्याच मोसमात कर्णधारही.

या व्यवस्थेचा सर्वांत कडवट नमुना बॉडीलाइन. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायची योजना कर्णधार डग्लस जार्डिनची. हा जार्डिन जन्मला आपल्या मुंबईत, मलबार हिलला, १९०० साली, आणि शिकला विंचेस्टरला. योजना अमलात आणली हॅरॉल्ड लारवूडने, नॉटिंगहॅमशरच्या एका खाणमजुराच्या मुलाने. तो स्वतःही पोरसवदा वयात कोळशाच्या खाणीत कामाला होता. बोभाटा झाल्यावर माफी मागायला सांगितलं गेलं लारवूडला. तो म्हणाला, मी कर्णधाराचं ऐकलं, माफी कसली मागू? तो इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळला नाही. जार्डिन मात्र पुढच्याच हिवाळ्यात कर्णधार म्हणून भारतात आला आणि डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतभूमीवरची पहिली कसोटी खेळला.

आणि मग १९५२ चं हेडिंग्ले. आपल्याकडे त्या कसोटीची आठवण निघते ती ‘शून्यावर चार’ म्हणून. पहिल्या डावात विजय मांजरेकरांनी १३३ धावा केल्या, सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ८९. दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर एकही धाव फलकावर नसताना परतले. त्यांतले तिघे फ्रेड ट्रूमनने काढले. ट्रूमन यॉर्कशरच्या खाणमजुराचा मुलगा, ही त्याची पहिलीच कसोटी. इंग्लंडचा कर्णधार होता लेन हटन, त्या शतकातला पहिला नेमलेला व्यावसायिक कर्णधार, आणि कर्णधार म्हणून त्याचीही ही पहिलीच कसोटी. आपल्या दृष्टीने ती नामुष्की, त्यांच्या दृष्टीने एका भिंतीला पडलेलं भगदाड. गंमत अशी की हटन इंग्लंडचा कर्णधार होता, तेव्हाही त्याच्या यॉर्कशर कौंटीचा, म्हणजे तिथल्या प्रादेशिक संघाचा, कर्णधार हौशीच होता, नॉर्मन यार्डली.

१९६२ च्या नोव्हेंबरात हौशी-व्यावसायिक हा भेद रद्द झाला. पुढच्या मोसमापासून सगळे नुसते क्रिकेटपटू.

भिंत पडली, मग खाणीतली पोरं गेली कुठे?

इथे गोष्ट उलटते. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या त्या जुन्या व्यवस्थेत दोन्ही वर्ग मैदानात तरी होते. हौशी फलंदाजी आणि कर्णधारपद करायचे, व्यावसायिक गोलंदाजीचा भार उचलायचे. अपमान होता, पण जागा होती. वेगवान गोलंदाज हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी जाऊन शिट्टी मारा, असं इंग्लंडच्या उत्तरेत म्हणायचे. लँकाशरच्या कापडगिरण्यांच्या गावांत शनिवारचा लीगचा सामना म्हणजे जत्रा असायची. नेल्सनसारख्या गावाने वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनला पगारावर ठेवलं होतं, आणि विनू मंकड हॅस्लिंग्डनकडून खेळत असताना १९५२ मध्ये त्यांना भारताच्या कसोटीसाठी बोलावून घ्यावं लागलं. तेव्हा इंग्लंडमधलं क्रिकेट नुसतं साहेबांचं होतं असं समजायचं कारण नाही.

मग एकामागून एक गोष्टी घडल्या. त्यांतली एकही क्रिकेट बुडवायला म्हणून कोणी केलेली नव्हती.

गिरण्या गेल्या. १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर खाणी भराभर बंद झाल्या. खाणीच्या कल्याण निधीतून चालणारी मैदानं आणि क्लब पोरके झाले. ब्रिटनमधली शेवटची खोल खाण २०१५ च्या डिसेंबरात बंद झाली. आता शिट्टी मारायची तर कुठे?

याच सुमारास शिक्षकांचाही सरकारशी संघर्ष चालू होता. तोपर्यंत सरकारी शाळांतलं क्रिकेट चालायचं ते मास्तरांच्या हौसेवर, शाळा सुटल्यावर आणि शनिवारी, बिनपगारी. संपाच्या काळात ही जादा कामं थांबली आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा सुरू झालीच नाहीत. पैशाची गरज असलेल्या शाळांनी आणि स्थानिक संस्थांनी मैदानंही विकली. तिथे घरं आली, सुपरमार्केटं आली. त्याआधी आणखी एक फेरबदल झाला होता. परीक्षा घेऊन हुशार मुलांना फुकट शिकवणाऱ्या ‘ग्रामर स्कूल’ नावाच्या शाळा क्रिकेटच्या बाबतीत दर्दी होत्या. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांतल्या बऱ्याच सर्वसाधारण सरकारी शाळा झाल्या आणि काही थेट खासगी झाल्या.

शेवटचा घाव टीव्हीचा. २००५ ची अ‍ॅशेस चॅनल फोरवर फुकट दिसत होती. ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत एका क्षणी ८४ लाख लोक बघत होते. २००६ पासून इंग्लंडचं घरचं बहुतेक क्रिकेट थेट बघायचं तर स्काय वाहिनीची वर्गणी भरा. मंडळाला त्यातून अमाप पैसा मिळाला आणि तो खेळाडूंवर, मैदानांवर, महिला क्रिकेटवर खर्चही झाला, हे कबूल करायला हवं. पण ज्या घरात स्काय नाही त्या घरातल्या पोराने फ्लिंटॉफला बघून अंगणात बॅट फिरवायची, ते थांबलं. खेळ दिसलाच नाही तर वेड लागणार कसं?

याचा निकाल असा लागला की क्रिकेटचं मैदान, कोच आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा उरली ती खासगी शाळा. त्या शाळांनी काही विशेष केलं नाही. त्यांनी आपली मैदानं विकली नाहीत, एवढंच.

एका बारा वर्षांच्या मुलाचा मे महिना

आकडे बाजूला ठेवून दोन मुलांचा दिवस बघू. दोघांना सारखीच आवड, सारखाच हात.

पहिला सरकारी शाळेत. सव्वातीनला शाळा सुटते. शाळेला मैदान असलंच तर ते फुटबॉलचं, डांबरी नाहीतर ओलं गवत. टर्फ विकेट, म्हणजे माती-गवताची खरी खेळपट्टी नाही, कारण टर्फ विकेट म्हणजे रोज राबणारा माळी, रोलर, कव्हर, पाणी. आपल्या आझाद मैदानाच्या माळ्यांना विचारा, एक विकेट धरून ठेवायला किती घाम लागतो. खेळाच्या तासाला प्लॅस्टिकची बॅट आणि हलका चेंडू. सीझन बॉल त्याने अजून हातातही धरलेला नाही. त्याला गावच्या क्लबात जायचं असेल तर आई किंवा बाबा संध्याकाळी मोकळे हवेत आणि दारात गाडी हवी. हिवाळ्यात तिकडे चार वाजता अंधार पडतो आणि पाऊस असतो, म्हणजे सराव इनडोअर नेट्समध्ये, तासाच्या भाड्याने.

दुसरा खासगी शाळेत, बहुधा वसतिगृहात. दुपारचे खेळाचे तास वेळापत्रकातच छापलेले. शनिवारी सामना. पाच मिनिटं चाललं की टर्फ विकेट, हिवाळ्यासाठी शाळेचंच इनडोअर केंद्र. शिकवायला निवृत्त कौंटी खेळाडू, क्वचित कसोटीपटूही, पूर्ण पगारावर. तो कोच रविवारी कौंटीच्या निवड समितीतल्या जुन्या दोस्ताला फोन करू शकतो, हा फायदा फीच्या पावतीवर दिसत नाही.

यात इंग्लंडच्या ऋतुचक्राची एक खोच आहे. क्रिकेटचा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि शाळा जुलैमध्ये सुटतात. मधला मे-जून म्हणजे परीक्षांचा काळ. सोळाव्या वर्षीची त्यांची बोर्डाची परीक्षा ऐन मोसमात येते. तुटपुंज्या पैशावर चालणारी शाळा त्या दोन महिन्यांत मैदानाकडे बघतसुद्धा नाही. आपल्याकडे शालेय क्रिकेट हिवाळ्यात होतं आणि मे महिन्यात अख्खी गल्ली मोकळी असते, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही.

दहा-अकराव्या वर्षापासून प्रत्येक कौंटीचे वयोगटांचे संघ असतात आणि पुढे जायची वाट तिथूनच जाते. ट्रायल, शिबिरं, कपडे, किट, प्रवास, यांतला बराच खर्च अनेक वर्षं पालकांच्या खिशातून होत आला. हा टप्पा पालकांसाठी फुकट करा, अशी शिफारस २०२३ च्या आयोगानेही केली. सरकारी शाळेतला आपला पहिला मुलगा या ट्रायलला पोचलाच, तर तिथे त्याची गाठ पडते दुसऱ्याशी, ज्याने तोवर हजारो चेंडू टर्फवर खेळलेले असतात. निवडणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याला आज जो बरा दिसतो तोच तो घेणार.

“पण स्कॉलरशिप मिळते की!”

मिळते. जो रूट हेच उदाहरण. तो शेफील्डच्या सरकारी शाळेत होता. पंधराव्या वर्षी क्रिकेटच्या शिष्यवृत्तीवर वर्क्सॉप कॉलेजला गेला. आकडेवारीत तो खासगी शाळेच्या रकान्यात पडतो. यॉर्कशरचा हॅरी ब्रूकही असाच सेडबर्ग शाळेत गेला. म्हणजे ५८ टक्क्यांत सगळे लाटसाहेबांचे नातू नाहीत, हा आक्षेप रास्त आहे.

पण त्यामुळे मूळ मुद्दा ढिला पडत नाही, आणखी घट्ट होतो. शाळेला रूट हवा होता, कारण रूट आधीच चांगला होता. त्याच्या घरात क्रिकेट होतं, शेफील्डमध्ये उत्तम क्लब होता. शिष्यवृत्ती पैलू पाडलेल्या हिऱ्याला मिळते, मातीतल्या दगडाला नाही. आणि अशी चांगली पोरं खासगी शाळेने उचलली की मागे सरकारी शाळेत संघ उभा करायलाही कोणी उरत नाही. शिवाय शिष्यवृत्ती म्हणजे सगळी फी माफ असंही नसतं. थोडी माफ झाली तरी उरलेली आपल्या पगाराच्या पलीकडची असू शकते.

“क्रिकेटसाठी शाळा आपल्याकडेही बदलतातच ना?” बदलतात. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या घरचंच आहे. आचरेकर सरांनी सांगितलं म्हणून सचिन तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये नाव घातलं आणि पुढे शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. फरक कुठे आहे? शारदाश्रम ही मध्यमवर्गीय मराठी घरांना परवडणारी शाळा होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन-विनोद कांबळीची ६६४ धावांची भागी झाली ती हॅरिस शील्डमध्ये, ज्या स्पर्धेत सगळ्या थरांतल्या शाळा एकमेकींशी भिडतात. मुंबईत शाळा बदलायला बसचा पास लागला. इंग्लंडमध्ये फीचा डोंगर चढावा लागतो, किंवा कोणीतरी आपल्याला उचलून वर ठेवावं लागतं.

आणि हा हॅरिस कोण? लॉर्ड हॅरिस, एटनचा विद्यार्थी, इंग्लंडचा एके काळचा कर्णधार, १८९० ते ९५ मुंबई प्रांताचा गव्हर्नर. एटनवाल्याच्या नावाची ढाल कांबळीसारख्या चाळीतल्या पोरांनी गाजवली, याची मला नेहमी मौज वाटते.

अर्थात आपणही फार मान ताठ करायला नको. दलित समाजातले गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी तयार करायचे आणि नेट्समध्ये साहेबांना चेंडू टाकायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट काढल्या, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. गोलंदाजी करायला खालचा आणि हुकूम सोडायला वरचा, ही रीत एकट्या इंग्रजांची नव्हती.

“फुटबॉलमध्ये असं का होत नाही?”

कारण फुटबॉलला माळी लागत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, तिथले क्लब आठ-नऊ वर्षांची पोरं शोधून आपल्या खर्चाने आपल्या अकादमीत वाढवतात. क्रिकेटच्या कौंट्यांकडे एवढा पैसा कधीच नव्हता. खेळाडू तयार करण्याचं खर्चिक काम त्यांनी नकळत खासगी शाळांच्या गळ्यात टाकलं. शाळांनी ते आनंदाने घेतलं, कारण माजी विद्यार्थी इंग्लंडकडून खेळला की नव्या प्रवेशांसाठी यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

आपल्या माणसांचं काय?

इंग्लंडमध्ये हौसेने क्रिकेट खेळणाऱ्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी घरांतली मुलं साधारण चौथा हिस्सा किंवा जास्तच आहेत. रविवारी ब्रॅडफर्ड, लेस्टर, पूर्व लंडन कुठेही जा, पार्कात तीच दिसतील. कौंटीच्या व्यावसायिक संघांत मात्र ती झपाट्याने विरळ होतात. बर्मिंगहॅमचे संशोधक टॉम ब्राउन यांनी हिशेब मांडला तेव्हा निघालं की खासगी शाळेतल्या गोऱ्या मुलाला व्यावसायिक क्रिकेटपटू होण्याची संधी सरकारी शाळेतल्या दक्षिण आशियाई मुलापेक्षा ३४ पट जास्त आहे. त्यांनीच मग दक्षिण आशियाई मुलांसाठी २०२२ मध्ये अकादमी सुरू केली. तिच्यातून गेलेल्या काहींना कौंटीचे करार मिळाले, म्हणजे गुणवत्ता होतीच, कोणी बघत नव्हतं. कॅरिबियन वंशाच्या मुलांसाठी असंच काम एबनी रेनफर्ड-ब्रेंट या माजी खेळाडूने २०२० पासून चालवलंय.

इथे रंग आणि वर्ग एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की नक्की कशामुळे डावललं गेलं हे त्या पोरालाही सांगता येणार नाही. माजी क्रिकेटपटू अझीम रफीकने नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेच्या समितीसमोर यॉर्कशरमधला वर्णद्वेष उघड केला आणि त्यातूनच २०२३ च्या त्या अहवालाला एवढं वजन आलं.

“जिंकतायत ना, मग बिघडलं कुठे?”

विश्वचषक त्यांनी घेतला, हे खरं. पण पुन्हा त्याच स्कोअरकार्डावर या. आठही विकेट घेणारे चौघे फीच्या भिंतीबाहेरून आले होते, आणि ८४ धावांवर नाबाद राहिलेला स्टोक्सही. त्या दिवशी सरकारी शाळा आणि बार्बाडोस नसते तर चषक गेला होता. वेगवान गोलंदाजी ही अजून थोडी उघडी वाट आहे. नव्वद मैलांचा वेग डोळ्यांना दिसतो, त्याला मोठ्या शाळेची शिफारस लागत नाही. अँडरसन बर्नलीचा, हार्मिसन आणि वुड अ‍ॅशिंग्टनचे, म्हणजे जुन्या गिरण्या-खाणींच्या पट्ट्यातले. फलंदाजाला मात्र बारा ते सोळा या वयात हजारो चेंडू चांगल्या विकेटवर खेळावे लागतात, आणि तेच फीच्या आत बंद आहे.

आता लॉर्ड्स काय करतंय

एटन विरुद्ध हॅरो हा शाळांचा सामना लॉर्ड्सवर १८०५ पासून होत आलाय. पहिल्या सामन्यात हॅरोकडून कवी बायरन खेळला होता. मैदानाची मालकी असलेल्या एमसीसीने २०२२ मध्ये ठरवलं की आता तो तिथे नको. सभासद असे काही भडकले की निर्णय मागे घ्यावा लागला आणि निदान २०२७ पर्यंत सामना चालू ठेवायचं ठरलं. आयोगाने अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. दोन शाळांची पोरं दरवर्षी लॉर्ड्सवर खेळतात, आणि इंग्लंडच्या महिलांना तिथे तोवर एकही कसोटी मिळालेली नाही. मग ती भारताविरुद्ध २०२६ च्या जुलैसाठी ठरली. एटन आणि हॅरोच्या मुलांना जे मिळालं, ते देशाच्या महिला संघाला मिळायला दोनशे वीस वर्षांवर काळ गेला.

पैसा आता येतोय, गंमत म्हणजे थोडा मुंबईतूनही. ‘द हंड्रेड’ स्पर्धेतल्या संघांचे हिस्से २०२५ मध्ये विकले गेले, ओव्हलच्या संघाचे ४९ टक्के रिलायन्सने घेतले. त्या विक्रीचा एक वाटा गावोगावच्या साध्या क्लबांपर्यंत जायचा आहे. तो मैदानांवर किती आणि कचेऱ्यांवर किती खर्च होतो, ते बघावं लागेल. सरकारी शाळांत क्रिकेट परत न्यायचं काम ‘चान्स टू शाइन’ ही संस्था २००५ पासून करते आहे. त्यामुळे लाखो मुलांनी पहिल्यांदा बॅट धरली. पण हातात बॅट येणं आणि कौंटीच्या ट्रायलला पोचणं यांत बरंच अंतर असतं.

त्या अंतरासाठी एमसीसीने आता सरकारी शाळांची एक नवी स्पर्धा काढली आहे, अंतिम सामने लॉर्ड्सवर. नाव नाइट-स्टोक्स चषक. महिला संघाची माजी कर्णधार हेदर नाइट आणि बेन स्टोक्स दोघंही सरकारी शाळेत शिकलेले. वयोगट निवडलाय पंधरा वर्षांखालचा. म्हणजे त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये त्या पोरांना बोर्डाची परीक्षा नसेल.